मामांच्या तबकड्या

बदलीचा हुकूम हाती पडला म्हणजे केंद्र सरकारच्या नोकराच्या घरात जी बांधाबांध सुरू होते, तिचा एक ठरलेला क्रम असतो. भांडी पोत्यात जातात, पुस्तके खोक्यात जातात, कपाट विकावे की न्यावे यावर पतिपत्नींचा एक लहानसा तंटा होतो. आणि ट्रकवाला दाराशी येऊन भोंगा वाजवू लागला म्हणजे गृहिणी आतल्या खोलीतून एक जुनी पत्र्याची पेटी स्वतःच्या हाताने उचलून आणते. ती पेटी ती ट्रकमध्ये चढवू देत नाही. तिच्यात दागिने असावेत असा हमालांचा समज होतो आणि ते एकमेकांकडे पाहतात. वस्तुतः त्या पेटीत फोटो असतात. मुंजीचे, बारशाचे, कुणा एकाच्या निरोपसमारंभाचे, आणि मागे गावी राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांचे. ज्यांना दर चारपाच वर्षांनी नवे शहर, नवी भाषा आणि नवा शेजार पत्करावा लागतो, त्यांचे गाव पुष्कळदा त्या पेटीएवढेच उरलेले असते.

अलीकडे ही पेटी दिसेनाशी झाली आहे. तिच्या जागी तळहातावर मावेल अशी एक काळी डबी आली आहे. तिला कुणी 'हार्ड डिस्क' म्हणतात, कुणी नुसतेच 'ड्राइव्ह' म्हणतात. आम्ही तिला तबकडी म्हणतो, कारण तिच्या पोटात ग्रामोफोनच्या तबकडीसारखीच, पण आरशासारखी चकचकीत अशी तबकडी खरोखरच फिरत असते. मिनिटाला 5400 फेरे, नाही तर 7200. या तबकडीच्या पृष्ठभागावरून एक सूक्ष्म सुई तरंगत जाते. आणि दोहोंमधले अंतर माणसाच्या केसाच्या जाडीच्या सहस्रांशाहूनही कमी असते. एवढ्या अंतराच्या भरवशावर आपण आपली आजी ठेवलेली असते! पत्र्याची पेटी पडली तर कोपरा चेपत असे. ही डबी चालू असताना टेबलावरून खाली आली तर काय होते, ते ज्याचे त्याला ठाऊक.

आमच्या आईचे धाकटे बंधू बेळगावात छायाचित्रकार होते. शहापूरकडे त्यांचा लहानसा स्टुडिओ होता. पाठीमागे रंगवलेला पडदा, पडद्यावर एक कारंजे, आणि पुढे मखमली गादीची खुर्ची. तीस-पस्तीस वर्षे त्यांनी बेळगाव, खानापूर आणि चंदगड या टापूतील लग्ने टिपली. दोन वर्षांपूर्वी मामी गेल्या, मामांचे गुडघे गेले, आणि ते मल्लेश्वरममध्ये आपल्या लेकीकडे राहावयास आले. येताना त्यांनी दोनच वस्तू आणल्या. एक त्यांचा भला थोरला टेबलावरचा संगणक, आणि दुसरी बिस्किटांची एक मोठी चौकोनी डबी. त्या डबीत जुन्या बनियनच्या तुकड्यांत गुंडाळलेल्या सात तबकड्या होत्या.

मामांनी धंदा सोडला, पण धंद्याने मामांना सोडले नाही. आठपंधरा दिवसांनी त्यांस एखादा फोन येतो. बोलणारा बहुधा अनोळखी असतो आणि त्याचा आवाज बसलेला असतो. "फोटोवाले काका का? आमच्या थोरल्या बहिणीचं लग्न तुम्हीच काढलं होतं. त्यात आमच्या बाबांचा एखादा एकट्याचा फोटो असेल का? परवा दहावा आहे." मग मामा साल विचारतात, महिना विचारतात, कार्यालयाचे नाव विचारतात, आणि संगणकासमोर बसतात. गर्दीत उभा असलेला, हातात नारळ असलेला, कधी नुसता पंगतीला वाढणारा असा तो माणूस शोधून काढतात. त्याच्या खांद्यावरचा दुसऱ्याचा हात पुसतात, मागची पताका पुसतात, आणि रात्रीतून तो फोटो पाठवून देतात. पैसे घेत नाहीत. आपल्याकडे सामान्य माणूस स्वतःचा असा एकट्याचा फोटो हौसेने क्वचितच काढून घेतो. तो दुसऱ्यांच्या लग्नांतच काय तो सापडतो. तेव्हा मामांच्या बिस्किटांच्या डबीत नुसती लग्ने नव्हती. एका मुलखातली गेलेली माणसे होती.

गेल्या पावसाळ्यात त्या सातांतली एक तबकडी 'टक्, टक्' असा आवाज करू लागली. तीवर 2012 आणि 2013 या दोन सालांची लग्ने होती आणि त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती. योगायोग असा की, त्याच आठवड्यात खानापूर तालुक्यातून फोन आला आणि विचारलेले साल नेमके 2012 निघाले. मामा त्या रात्री जेवले नाहीत. शेवटी त्या घरीच छापील अल्बम निघाला, त्यातल्या एका समूहचित्रावरून मामांनी वेळ निभावून नेली. तबकडी मात्र शहरातल्या एका तज्ज्ञाकडे न्यावी लागली. त्याने ती धूळरहित खोलीत उघडली, आतल्या सुया बदलल्या, आणि आमच्या एका महिन्याच्या पगाराएवढे बिल हाती ठेवले. दोन तृतीयांश मजकूर परत आला. जो आला नाही त्या लग्नांची नावे मामांनी एका वहीत ओळीने लिहून काढली आहेत. ती यादी आम्ही पाहिली आहे. अठ्ठावीस नावे आहेत.

त्यानंतरच्या रविवारी मामा आम्हांस म्हणाले, "अरे, तुम्ही सेंट्रलवाले. कागद जपायचाच तुम्हांला पगार मिळतो. माझ्या या डब्यांचं काय करायचं ते आता तूच सांग."

आम्ही एका कार्यालयाच्या अभिलेख शाखेत उच्च श्रेणी लिपिक आहो, आणि आमची पदवी इतिहासाची आहे. या दोन गोष्टींचा एकत्र उपयोग होण्याची वेळ नोकरीत अजून आलेली नव्हती. ती अशी घरात आली.

वाचकांपैकी ज्यांनी केंद्रीय कार्यालयात नस्त्या हाताळल्या आहेत त्यांस 'अ', 'ब', 'क' हे वर्ग सांगावयास नकोत. 'अ' म्हणजे कायम जपून ठेवावयाचे आणि शिवाय त्याची मायक्रोफिल्म काढावयाची; 'ब' म्हणजे कायम ठेवावयाचे, पण मायक्रोफिल्मची गरज नाही; आणि 'क' म्हणजे ठराविक मुदत संपली की नष्ट करावयाचे. या वर्गीकरणामागे शहाणपण आहे. सगळेच जपू म्हणणाऱ्याचे काहीच जपले जात नाही, हे अभिलेख शाखेतल्या धुळीने आम्हांस शिकवले आहे. म्हणून आम्ही मामांस म्हणालो, की आधी खरेदीचे बोलू नये, आधी छाटणी करावी. सगळी चित्रे पाहू, अ-ब-क लावू, आणि जे उरेल तेवढ्यासाठीच तबकड्या घेऊ.

मामा तयार झाले. पहिलेच लग्न निघाले ते 2014 सालचे. त्या नवराबायकोचा पुढे घटस्फोट झाल्याचे मामांस माहीत होते. आम्ही सहज म्हटले, "हे 'क' मध्ये घालू या. हे फोटो आता कोण मागणार?"

मामांनी चष्मा काढला. "लग्न मोडलं हे खरं. पण ही बघ, मांडवाच्या खांबाला टेकून बसलीय ती मुलीची आजी. चार महिन्यांनी गेली ती. तिचा दुसरा फोटो कुठं आहे, सांग बघू."

आम्ही पुढचे चित्र दाखवले. त्यात एक गृहस्थ डोळे मिटून उभे होते. डोळे मिटलेला फोटो कोणत्याही छायाचित्रकाराने टाकूनच द्यावा; पण मामा म्हणाले, याच्या घरच्यांनी मागितला तर मी उघडे डोळे दुसऱ्या फोटोतून आणून बसवीन, पण माणूस कुठून आणू? अखेर दोन तासांच्या वाटाघाटींनंतर एका क्षणाची आठ चित्रे असतील तर त्यांतली पाच काढावीत, एवढीच सवलत आमच्या पदरात पडली. 'क' वर्ग बारगळला. सरकारी नियमपुस्तिका करणाऱ्यांपुढे मामांसारखा माणूस बसलेला नव्हता, एवढेच आम्हांस म्हणावयाचे आहे.

छाटणी नाही म्हटल्यावर मोजणी आली. हल्लीच्या चांगल्या कॅमेऱ्यातून निघणारे, ज्याला कच्चे चित्र म्हणावे असे एक चित्र साधारण 25 मेगाबाइटचे असते. एका लग्नात अडीच हजार चित्रे धरली तर साठ गिगाबाइटांच्या वर गेलो. अशी पंधरावीस लग्ने झाली की एक टेराबाइट भरला. जुन्या सालांची चित्रे आटोपशीर होती, शिवाय निगेटिव्हांवरून उतरवलेली होती. सगळी बेरीज पाच टेराबाइटांच्या थोडी वर गेली. सप्टेंबर 1956 मध्ये अमेरिकेत आयबीएम कंपनीने जगातली पहिली अशी तबकडी बाजारात आणली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक, वजन एक टनाच्या वर, आणि पोटात मावत ती अवघी पन्नास लक्ष अक्षरे. मामांचे एक चित्र ठेवावयास असली पाचाहून अधिक यंत्रे लागली असती. (आम्हां बेळगावकरांस 1956 हे साल निराळ्याच कारणासाठी पाठ आहे, पण तो विषय येथे नको.)

एस. पी. रोड, म्हणजे सदर पट्रप्पा रोड, ही बंगळूरची संगणकबाजाराची पेठ. कृष्णराजेंद्र मार्केटाजवळ मेट्रोने उतरावे आणि फुलांच्या, कांद्यांच्या, लोखंडी सामानाच्या वासांतून वाट काढीत जावे, म्हणजे एकाएकी सगळी दुकाने वायरींची होतात. दुकानदाराने मामांच्या मराठी कन्नडाला हिंदीत, आमच्या हिंदीला इंग्रजीत आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला तमिळमध्ये उत्तर दिले, आणि भाव कमी करा म्हटल्यावर आम्हां सर्वांना मिळून "स्वल्प अड्जस्ट माडि सर" असे सांगितले. या नगरीत इतक्या भाषा असूनही काम अडत नाही ते या एका वाक्यामुळे, असा आमचा अनुभव आहे.

येथे पहिला प्रश्न मापाचा निघाला. मामांनी मागे घेतलेली चार टेराबाइटची तबकडी संगणकात 3.63 टेराबाइट दाखवते, तेव्हा दुकानदाराने आपणांस फसवले असा त्यांचा कित्येक वर्षांचा राग होता. खरी गोष्ट अशी की, कारखानदार हजाराच्या पटीने मोजतो आणि संगणक 1024 च्या पटीने. पूर्वी आपल्याकडे कच्चा शेर आणि पक्का शेर असत, तसाच हा प्रकार. आठाची तबकडी घेतली तर 7.27 दिसणार, हे गृहीत धरूनच घ्यावे. शिवाय ती काठोकाठ भरू नये. एक तृतीयांश तरी मोकळी राहील इतकी मोठी घ्यावी.

दुसरा प्रश्न आकाराचा. खिशात मावणारी लहान तबकडी संगणकाच्या वायरीतूनच वीज घेते. मोठीला स्वतःचा वेगळा वीजपुरवठा लागतो. प्रवासात नेणाऱ्याने लहान घ्यावी हे उघड आहे. पण लहानांपैकी मोठ्या मापाच्या ज्या असतात, त्यांतल्या बहुतेकांत ओळी एकमेकींवर चढवून लिहिलेल्या असतात, कोकणातल्या छपरावरच्या कौलांसारख्या. कौले अशी चढवली की थोड्या जागेत जास्त बसतात. पण मधले एक कौल बदलावयाचे झाले म्हणजे त्यावर चढलेली पुढची सगळी रांग उचलावी लागते. त्यामुळे एकदा लिहून ठेवून द्यावयाच्या संग्रहाला अशी तबकडी चालते. रोज लिहिण्या-पुसण्याच्या कामात ती दमते. ही गोष्ट खोक्यावर छापलेली असतेच असे नाही. 2020 साली मोठमोठ्या कारखानदारांनी ती न सांगता असल्या तबकड्या विकल्याचे उघडकीस आले आणि बराच गवगवा झाला. तेव्हा मॉडेलचा क्रमांक लिहून घरी यावे, कारखान्याच्या कागदपत्रांत पाहावे, आणि मग दुसऱ्या दिवशी खरेदीस जावे. आमच्या दुकानदाराला हा उशीर आवडला नाही. टेंडर मागवणाऱ्या खात्यात बारा वर्षे काढलेल्या माणसाला दुकानदाराची नापसंती सोसते.

तिसरी गोष्ट जुन्या मालाची. तबकडी किती तास चालली याची नोंद तिच्या आतच होत असते, आणि ती वाचणारे साधे कार्यक्रम फुकट मिळतात. नव्याच्या नावाखाली जुनी गळ्यात पडली तर ती येथे उघडी पडते; निदान पूर्वी पडत असे. 2025 च्या आरंभी युरोपात हजारो तास राबलेल्या तबकड्या हे आकडे पुसून नव्या म्हणून विकल्या गेल्याचे आढळले. म्हणून पक्के बिल देणाऱ्या, वॉरंटी नोंदवून देणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्याव्यात, दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील. वॉरंटीचा अर्थ मात्र नीट समजून घ्यावा. तबकडी बिघडली तर कंपनी तबकडी देते. आजी देत नाही.

सर्वांत मोठा मोह पुढे होता. दुकानदाराने काचेच्या कपाटातून एक सुबक पेटी काढली. तिच्यात दोन तबकड्या शेजारी बसतात, आणि एकीवर लिहिलेले त्याच क्षणी दुसरीवर आपोआप लिहिले जाते. एक मेली तरी दुसरी काम चालू ठेवते. मामांचा चेहरा उजळला. "हेच पाहिजे होतं मला. दोन प्रती, आणि कटकट नाही."

आम्ही येथे ठाम नकार दिला, आणि या लेखातला हा भाग वाचकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा अशी विनंती आहे. अशी पेटी म्हणजे आरसा. आरशात दुसरा माणूस दिसतो, पण आपण केस कापले तर त्याचेही त्याच क्षणी कापलेले असतात. मामांच्या हातून एखादे लग्न चुकून पुसले गेले तर ते दोन्हीकडून एकदम पुसले जाणार. विजेचा धक्का बसला तर दोघींना एकदम बसणार. चोर आला तर पेटी एकच उचलणार. आणि हल्ली जे खंडणीखोर कार्यक्रम संगणकात शिरून सगळा मजकूर कुलूपबंद करतात, त्यांना तर जोडून ठेवलेली प्रत्येक तबकडी मोकळीच सापडते. ज्या स्टुडिओत दिवसभर दहा माणसे काम करतात आणि एक तास बंद पडणेही परवडत नाही, तेथे ही पेटी योग्य आहे. तेथेही ती प्रतीच्या ऐवजी नसते, प्रतीखेरीज असते. मामांना एक तास काय, एक आठवडा बंद चालणार होता. त्यांना पाहिजे होती ती अशी प्रत, की जी मूळ चित्राला काही झाले तरी त्याच्याबरोबर मरणार नाही.

छायाचित्रकारांच्या जगात यासाठी तीन-दोन-एक असा एक नियम रूढ आहे. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने आपल्या ग्रंथातून तो लोकप्रिय केला. तीन प्रती ठेवाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवाव्यात, आणि एक प्रत दुसऱ्या जागी ठेवावी. आम्हांस हा नियम वाचताना फारसे नवल वाटले नाही. मूळ प्रत ज्याची त्यास, एक कार्यालयीन प्रत, एक वरिष्ठांस माहितीसाठी, हे आम्ही कार्बनच्या काळापासून करीत आलो आहो. आणि त्याही मागे जावयाचे तर देहूला परंपरा सांगते की तुकोबांच्या वह्या इंद्रायणीने तेराव्या दिवशी परत दिल्या. आमच्या मनाला तीच कथा दुसऱ्या अंगाने भावते: चाकणच्या संताजी जगनाड्यांच्या वह्या होत्या, आणि गावोगावच्या माणसांच्या ओठांवर अभंग होते. तिकडे तंजावरास सरफोजी राजांनी भोसल्यांचा इतिहास 1803 साली बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतींवर मराठीत कोरवून ठेवला; कागद नाही टिकला तर दगड टिकेल, असा विचार त्यामागे असला पाहिजे.

उलट प्रकारची उदाहरणे मन खिन्न करणारी आहेत. 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट 1931 साली मुंबईत झळकला; त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्यास आग लागली आणि मूकपटांच्या व आरंभीच्या बोलपटांच्या काळातला अमोल ठेवा काही तासांत जळून गेला. आणि 12 जुलै 1961 या दिवशी पानशेतचे पाणी पुण्यात शिरले तेव्हा नदीकाठच्या पेठांतील घराघरांतून जे वाहून गेले, त्यात फोटोंच्या पेट्या किती होत्या याची गणती कोण करणार? बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवर आहे म्हणून येथे पुराचे भय नाही, असे आम्हांसही वाटे. सप्टेंबर 2022 मध्ये बेळ्ळंदूरच्या बाजूला बंगल्यांतून बोटी फिरल्या, तेव्हापासून वाटत नाही. मामांच्या लेकीचे घर तळमजल्यावर आहे.

'दोन प्रकारची साधने' या कलमावर आमची बरीच चर्चा झाली. फिरती तबकडी नसलेले, नुसत्या चकतीवर विद्युत्भार साठवणारे एक नवे साधन आहे; त्यास 'एस. एस. डी.' म्हणतात. ते पडले तरी फारसे बिघडत नाही, आणि त्याचा वेग फिरत्या तबकडीच्या तिप्पट-चौपट, कधी त्याहूनही पुष्कळ अधिक असतो. मामांच्या संगणकात काम करण्यासाठी तेच बसवावे, यात दुमत झाले नाही. पण कपाटात वर्षानुवर्षे ठेवण्याच्या प्रतीसाठी आम्ही ते घेतले नाही. वीज न देता ठेवले म्हणजे त्यातला भार हळूहळू झिरपतो. साधन झिजलेले असेल आणि जागा गरम असेल तर अधिकच. शिवाय ते मरते तेव्हा टक् टक् करून आधी सूचना देत नाही. एका माहितगाराने दूरच्या संगणकावर, इंटरनेटवरून, जागा भाड्याने घेण्यास सुचवले. आम्ही हिशेब केला. घरच्या जोडणीचा वर चढवण्याचा वेग सेकंदाला वीस मेगाबिट. त्या वेगाने पाच टेराबाइट चढवावयास रात्रंदिवस तेवीस दिवस लागतात. तेही सोसले असते. पण ती भाड्याची खोली आहे, भाडे थकले की सामान बाहेर. आणि मामांनंतर ते भाडे कोण भरणार, हा प्रश्न मामांनीच विचारला. तेव्हा ज्यांचे फोटो पुन्हापुन्हा मागितले जातात अशी निवडक सहा-सात हजार चित्रे तेवढी, लहान करून, तेथे ठेवली. मामांच्या दृष्टीने 'अ' वर्ग म्हणावयाचा तर तो हाच.

बाकीचा बेत असा ठरला. आठ टेराबाइटच्या तीन मोठ्या तबकड्या, त्याही दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या आणि वेगवेगळ्या दुकानांतून. कारण एकाच घाण्यातून एकाच दिवशी निघालेल्या भावंडांचे दुखणेही पुष्कळदा एकाच सुमारास निघते. पहिली संगणकाला जोडलेली. दुसरी कपाटात, ती फक्त रविवारी जोडावयाची, नवे काही असेल ते उतरवावयाचे, आणि लगेच सोडवून ठेवावयाची. तिसरी दुसऱ्या गावी. जुन्या संगणकाच्या मागच्या बाजूस काळ्या आणि निळ्या अशा दोन जातींच्या खाचा आहेत. मामा इतकी वर्षे काळीत वायर लावीत आले होते. काळीतून पाच टेराबाइट उतरण्यास चाळीस तास लागले असते, निळीतून दहा तासांत काम झाले. दहा तास मामा शेजारी बसून होते, जणू कुणाची शुश्रूषा चालली आहे. वीज जाण्याच्या भीतीने यू. पी. एस. आधीच घेतला होता, आणि वीज दोनदा गेलीही.

उतरले म्हणजे संपले, असे मामांना वाटले. आम्ही त्यांस सरकारी वार्षिक पडताळणीची गोष्ट सांगितली. नोंदवहीत पंखा आहे एवढ्याने भागत नाही. जाऊन पंखा पाहावा लागतो. प्रत्येक चित्राचा एक ठसा-अंक काढून दोन्ही प्रतींचे अंक जुळवणारा कार्यक्रम आम्ही रात्रभर चालवला. तेहतीस चित्रे जुळली नाहीत. ती जुन्या तबकडीवरच नासलेली निघाली. मामांनी त्यांची नावे त्या वहीत अठ्ठावीस नावांच्या खाली वेगळ्या शाईने लिहिली. आता दर सहा महिन्यांनी प्रत्येक तबकडी उघडून कोणतीही वीस लग्ने पाहावयाची आणि तारीख घालून सही करावयाची. नोंदवही आम्ही आखून दिली आहे. रकाने सात आहेत. सातवा रकाना 'शेरा' हा आहे, आणि मामांनी तेथे पहिल्याच दिवशी 'मुलगी अमेरिकेत आहे, फोन नंबर बदलला' असे लिहिले, ते आम्ही खोडले नाही.

तिसरी तबकडी बेळगावास मामांच्या जुन्या मदतनिसाकडे जावयाची होती. पंचवीस वर्षे त्याने मामांचे दिवे धरले; आता त्याचे स्वतःचे झेरॉक्सचे दुकान आहे, आणि घर टिळकवाडीत दुसऱ्या मजल्यावर आहे. दिवाळीच्या रजेत राणी चन्नम्मा एक्सप्रेसने आम्हीच ती नेली. जाड खोक्यात, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह, आणि त्यावर सौभाग्यवतींची लोकरी शाल. वरच्या बर्थवर ठेवू नकोस, खाली पायाशीही ठेवू नकोस, असे मामांनी स्टेशनावर तीनदा बजावले. शेवटी ती मांडीवर घेऊन आम्ही बसलो. सकाळी बेळगावास उतरून घरी जाण्याआधी टिळकवाडीस गेलो. मदतनिसाने हात धुतले, देवघराशेजारचे लोखंडी कपाट उघडले, आणि मधल्या खणात जागा केली. मग त्याने विचारले, "हिच्यात आमच्या लग्नाचे पण आहेत का हो? मामांनीच काढले होते. आमच्याकडचा अल्बम भिजला."

आम्ही मे महिन्यात ती तबकडी बदलावयास पुन्हा जाणार आहो. येताना त्याचे लग्न छापून आणावे असे मामांनी सांगितले आहे. साल 2003, निगेटिव्हचा रोल क्रमांकही त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिला आहे.